खोलीची शांतता

१

डिचोलीच्या बाजारपेठेमागे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तालुक्याचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. जिना अरुंद आणि खोल्या तीनच: एक कचेरी, एक यंत्रांची आणि एक ध्वनिमुद्रणाची. शेवटच्या दोहोंच्या मध्ये जाड काचेची मोठी खिडकी. कमलाक्षीबाई गेली अकरा वर्षे, सोमवार ते शुक्रवार, नार्व्याहून बसने येऊन अकराच्या ठोक्याला तो जिना चढत. त्यांना उशीर झाला तो फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा दोष बसचा होता.

कार्यक्रमाचे नाव 'निळी सांज'. सकाळी मुद्रित व्हायचा, संध्याकाळी पाच वाजता प्रसारित व्हायचा. तो पेडण्याच्या दत्तप्रसादबाबांचा. बँकेतून निवृत्त झालेला हा विधुर गृहस्थ मितभाषी आणि नीटनेटका होता. वडील जहाजावर नोकरीला असल्यामुळे घरी जॅझ आणि ब्लूजच्या तबकड्यांची दोन कपाटे होती. डिचोलीत हे संगीत ऐकणार कोण, असा प्रश्न केंद्राच्या समितीला पडला होता, तेव्हा तडजोड म्हणून मध्ये मध्ये 'कलावार्ता' घालायचे ठरले. देवळातले भजन, पेडण्यातला दशावतार, फोंड्यातली नाट्यसंगीताची मैफल, शाळेतले चित्रप्रदर्शन अशा सूचना वाचायला चौतीस वर्षे मराठी शिकवलेल्या, जुन्या मॅट्रिकच्या कमलाक्षीबाईंइतके योग्य माणूस दुसरे नव्हते. सॅक्सोफोन हळूहळू मागे सरे आणि त्याच्या पोटातून बाईंचा आवाज वर येई. सूचनांसाठी रेडिओ लावणारे लोक मग संगीतासाठीही थांबू लागले. खनिजाच्या ट्रकांवरचे चालकसुद्धा थांबले.

बाई प्रत्येक आयोजकाला स्वतः फोन करून वेळ आणि स्थळ पडताळून घेत. त्यांच्या तोंडून अकरा वर्षांत एकही चुकीची तारीख गेली नव्हती. ब्लूज त्यांना आरंभी नुसते रडगाणे वाटले. पुढे घरी बोटांवर मोजता मोजता त्याची चार-चार मात्रांच्या बारा घरांसारखी बांधणी त्यांच्या ध्यानात आली, पण हे त्यांनी दत्तप्रसादबाबांना कधी सांगितले नाही. मुद्रण संपले की ते म्हणत, "कमलाक्षीबाई, फार शुद्ध वाचलेत." एवढे एक वाक्य घेऊन बाई बसमध्ये बसत आणि ते नार्व्यापर्यंत पुरे.

मुद्रणापूर्वीचे एक मिनिट मात्र बाईंचे एकटीचे असे. प्रत्येक खोलीला स्वतःची अशी शांतता असते आणि ती दररोज टिपून ठेवावी लागते, असे यंत्रे सांभाळणाऱ्या योगेशने त्यांना अगदी सुरुवातीलाच सांगितले होते. दत्तप्रसादबाबांचा श्वास वाजत असल्यामुळे ते तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहत. योगेश यंत्र सुरू करून चहा सांगायला जाई. बाई आपल्या खुर्चीत, काचेकडे पाठ करून, हाताची घडी घालून निश्चल बसत. त्या मिनिटाचे पुढे काय होते हे विचारावे, असे त्यांना कधी वाटले नाही. सर्व गोष्टी पडताळून पाहणाऱ्या बाईंनी ही एकच गोष्ट पडताळली नव्हती.

२

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचे ठरले आणि म्हापशाच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांची विश्रांती सांगितली. बाईंच्या जागी तात्पुरती कोण, हा प्रश्न कचेरीत निघण्यापूर्वीच सुटलेला होता. मोप्याच्या विमानतळावर निवेदनाचे काम करणारी सेजल नावाची सव्वीस वर्षांची मुलगी पंधरा दिवस सकाळची मोकळी होती. एका दुपारी तिची चाचणी झाली. बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. तिचा आवाज घासून गुळगुळीत केलेल्या वाटीसारखा होता, कुठे कोपरा नाही. 'सप्तकोटेश्वर' हे नाव तिने एका दमात, न अडखळता घेतले. दत्तप्रसादबाब मान हलवून म्हणाले, "छान. ऐकत राहावंसं वाटतं."

छान. अकरा वर्षांत बाईंना 'शुद्ध' मिळाले होते. 'छान' मिळाले नव्हते.

त्या रात्री त्यांचे मन जेवणात नव्हते. घरकाम करणाऱ्या, दोडामार्गकडच्या आनंदीने ते ताटावरून ओळखले. सगळे ऐकून घेतल्यावर तिने आपला उपाय सांगितला. "बाई, जाग्याक सांगान जावा. इडो ठेवा, गाऱ्हाणा घाला. जागेवालो राखता." बाई म्हणाल्या की जागेचा राखणदार देव असायला रेडिओ केंद्र हे काही शेत नव्हे आणि त्या काही अडाणी नव्हेत. मग झोपताना त्यांनी विड्याची दोन पाने आणि एक सुपारी पर्समध्ये घातली.

रजेपूर्वीच्या शेवटच्या शुक्रवारी मुद्रणाचा दिवा लाल झाला, दत्तप्रसादबाब बाहेर गेले आणि योगेश चहा सांगायला उठला. दार बंद असलेली, कोणी आत येणार नाही अशी दिवसातली तेवढीच वेळ होती. बाईंनी खुर्चीखाली विडा ठेवला आणि ओठ जेमतेम हलवीत, आपल्या शाळेतल्या मराठीत, गाऱ्हाणे घातले. हे जागेवाल्या महाराजा, मी पंधरा दिवस बाहेर जात आहे. ही खुर्ची माझी आहे. मी येईपर्यंत ती माझ्या नावाने राख. येथे परकी कोणी बसू नये.

मिनिट संपले. योगेश परत आला. त्या दिवशीचे वाचनही शुद्धच झाले.

३

सोमवारी पाच वाजता, डोळ्यावर काळा चष्मा आणि मांडीवर हात ठेवून, बाई रेडिओपुढे बसल्या. सेजलच्या चुका टिपायला त्यांनी आनंदीच्या हाती पेन्सिल दिली होती.

ट्रम्पेट वाजले. तोंडावर काही झाकण लावल्यासारखे दबके, दूरचे. ते मागे सरले आणि कमलाक्षीबाईंच्या आवाजात कोणीतरी म्हणाले, "नमस्कार. ऐकूया कलावार्ता."

प्रथम त्यांना समाधान वाटले. सेजल आली नसेल, म्हणून जुने मुद्रण लावले असेल. पण सूचना आजच्या होत्या. पेडण्यातल्या एकांकिका स्पर्धेचे स्थळ पावसामुळे बदलून सभागृहात नेले होते. पाऊस तर काल पडला होता.

आनंदी म्हणाली, "बाई, तुमीच तर वाचतास."

संगणकाला एखाद्याचा आवाज शिकवता येतो, हे बाईंनी वर्तमानपत्रात वाचले होते. योगेशजवळ त्यांचे अकरा वर्षांचे बोलणे साठवलेले होते. तेव्हा हा उलगडा पुरेसा होता. संतापजनक, पण पुरेसा. मंगळवारीही त्यांनी तोच धरून ठेवला. बुधवारी मात्र तो हातातून निसटू लागला, कारण तो आवाज हसला.

एका ब्लूज गीतानंतर दत्तप्रसादबाबांनी गाणाऱ्या बाईच्या दुःखाविषयी काही सांगितले, आणि त्या आवाजाने म्हटले की दुःख असले तरी बारा घरे मोजून परत उंबऱ्यावर येतेच की. आणि हसला. मोकळे, गळ्यातून आलेले हसू. दत्तप्रसादबाबही हसले. बाईंनी हा विचार कधी कोणाला बोलून दाखवला नव्हता. यंत्र फार तर बोललेले शिकेल. न बोललेले ते कुठून शिकणार?

शुक्रवारी दत्तप्रसादबाबांनी कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानले ते असे: "धन्यवाद, कमलाक्षी."

बाईंनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ बटणावरचे बोट काढले नाही. 'बाई' कुठे गेले? अकरा वर्षे जे त्यांच्या नावामागे बसले होते, ते कोणी उठवले?

४

दुसऱ्या आठवड्यात कौतुकाचे फोन येऊ लागले. नार्व्याच्या भजनी मंडळाचे भिकाजी म्हणाले की बाईंचा आवाज आता कसा मोकळा झालाय, पूर्वी वर्गात उभे केल्यासारखे वाटायचे. एका जुन्या विद्यार्थिनीने तर डोळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता मागितला. शस्त्रक्रियेने माणूस इतके खुलते हे तिला ठाऊक नव्हते. बाई प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत राहिल्या, आणि प्रत्येक आभाराबरोबर काहीतरी त्यांच्या हातचे जात राहिले.

मंगळवारी दुपारी सेजल आली. तिने चप्पल काढली पण बसली नाही.

"बाई, तुमकां मी नको होते तर तोंडावर सांगायचं मगे," ती म्हणाली. "रजा घेतलीत, मला बोलावलंत, आणि रोज अकराला तुम्ही हजर. मी दारातूनच परत जायचं? पहिल्या दिवशी वाटलं, सवय असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे मान वळवून बघितलंतसुद्धा नाही."

बाईंनी काळा चष्मा काढून तिला डोळा दाखवला. लाल, सुजलेला, कडेला औषध सुकलेले. आपण दहा दिवसांत ओसरीच्या पलीकडे गेलो नाही, हे त्यांनी तिला शांतपणे सांगितले. आनंदीने दुजोरा दिला. "मग मी बघितलं ते कोण?" असे सेजलने विचारले नाही. तिने चप्पल घातली आणि फाटकापाशी जाऊन वळून म्हणाली, "ती मात्र बरी वाचते हो, बाई. तुमच्यापेक्षा बरी."

ही मुलगी मत्सराने बोलत आहे, हे बाईंना कळत होते. मत्सराची चव त्यांच्या तोंडात होतीच; दुसऱ्याच्या तोंडची ओळखायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी डोळ्यात थेंब घालून घेताना त्यांनी आनंदीला सांगून टाकले, की तू सांगितलेस तसे गाऱ्हाणे घातले होते. आनंदीला बरे वाटले. तिने बारीकसारीक विचारले. विडा ठेवला का? ठेवला. नाव घेतले का? घेतले.

"आणि 'व्हय म्हाराजा' कोणी म्हटल्यानी?"

गाऱ्हाणे एकाने घालायचे आणि प्रत्येक वाक्यापुढे जमलेल्यांनी होकार द्यायचा, हे बाईंनी जत्रेत शंभरदा पाहिले होते. होकार देणाऱ्यांत त्या लहानपणी स्वतः होत्या.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मी एकटीच होते."

आनंदीने थेंबांची बाटली बंद केली. दुसऱ्या बाटलीतले थेंब त्या दिवशी राहून गेले.

५

बुधवारी दुपारी तीन वाजता, मुद्रण आटोपून दत्तप्रसादबाब पेडण्याला निघून गेलेले असतील अशा बेताने, बाई केंद्रावर गेल्या. योगेश एकटाच होता. त्यांना पाहून तो उठला.

"काय विसरलात, बाई? आणि आज फुलं काढलीत ती?"

कसली फुले, हे बाईंनी विचारले नाही. आपल्या आवाजाची नक्कल केली आहेस का, एवढेच विचारले. तो इतका गोंधळला की तो खोटे बोलत नाही हे चौतीस वर्षे मुलांसमोर उभ्या राहिलेल्या बाईंना तत्काळ समजले. मग त्यांनी दुसरी गोष्ट विचारली. त्या एका मिनिटाच्या शांततेचे तू काय करतोस?

योगेशला विषय बदलल्याचे बरे वाटले. चूक कापली की मध्ये पोकळी राहते, ती ऐकणाऱ्याच्या कानाला टोचते, म्हणून तिथे खोलीची शांतता भरायची, असे त्याने समजावून दिले. रोजचे मिनिट टिपत असला तरी तो वापरत होता एकच. दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारचे मिनिट विशेष चांगले, भरदार निघाले होते. तेच तो पुन्हा पुन्हा जोडून, आता सबंध तासाभराच्या कार्यक्रमाखाली अंथरत होता. आवाजाला त्यामुळे बूड येते, असे तो म्हणाला.

"ऐकव," बाई म्हणाल्या. "मोठे करून."

त्याने कळ सरकवली. प्रथम पंख्याची घरघर आली, मग रस्त्यावरच्या ट्रकचा दूरचा कंप. मग कुजबुज. योगेश पुढे झुकला. एवढे वाढवून त्याने ते कधी ऐकले नव्हते.

*हे जागेवाल्या महाराजा, मी पंधरा दिवस बाहेर जात आहे.*

बाईंना तिथे थांबायला सांगायचे होते. पण त्यांच्या वाक्यानंतर, जिथे त्यांनी त्या दिवशी फक्त श्वास घेतला होता, तिथे कोणीतरी म्हटले:

*व्हय म्हाराजा.*

*ही खुर्ची माझी आहे.*

*व्हय म्हाराजा.*

पुरुषांच्या घोळक्याचा तो ओबडधोबड होकार नव्हता. एकटाच स्वर, बाईचा, प्रत्येक अक्षर स्वच्छ. पहिल्या वेळी तो खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटला. चौथ्या वेळी तो माइकच्या इतका जवळ होता की बोलण्यापूर्वी ओठ सुटल्याचेही ऐकू आले.

योगेशने कळ खाली ओढली. हे पुसून टाक, असे बाईंनी सांगितले. त्याने पुसले. मूळ मिनिट तो पुसू शकत होता. त्या शुक्रवारपासून प्रसारित झालेले आठ कार्यक्रम, घराघरांत आणि ट्रकांत वाजून गेलेले, दररोज साठ वेळा घातलेले ते गाऱ्हाणे, हे पुसणे त्याच्या हातात नव्हते.

६

गुरुवारी बाई मुद्दाम पाच मिनिटे उशिरा पोहोचल्या. लाल दिवा लागला होता. यंत्रांच्या खोलीत योगेश कानाला यंत्र लावून पडद्याकडे पाहत बसला होता, त्याची पाठ दाराकडे. कालचे आज त्याला आठवत असेल असे त्याच्या बसण्यावरून वाटत नव्हते. बाई भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

काचेतून ती खोली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. दत्तप्रसादबाब समोर, काचेकडे तोंड करून बसत. बाईंची खुर्ची पाठमोरी. आज त्या खुर्चीत पाठ होती.

शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यावर विश्वास ठेवू नये, असे डॉक्टरांनीच सांगितले होते. म्हणून बाईंनी तो डोळा झाकून दुसऱ्याने पाहिले. धूसर झाले, पण गेले नाही. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हिरव्या काठांची साडी. हीच साडी आज सकाळी त्यांनी नार्व्याला दोरीवर वाळत घातली होती. आणि अंबाड्यात अबोलीचा भरगच्च वळेसर. केसांत फूल माळून आपण शेवटचे कुठे गेलो होतो, ते बाईंना आठवले, आणि कोणासाठी ते आठवण्याआधी त्यांनी मन तिथून काढले.

भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून आवाज येत होता. साखळीतल्या नाट्यशिबिराची सूचना. वेळ, स्थळ, संपर्क. एकही चूक नव्हती. तिने पुढची सूचना उचलली तेव्हा दत्तप्रसादबाबांनी हात वर केला.

"कमलाक्षी, थांब जरा," ते म्हणाले. "हा तुकडा संपू दे. तुला आवडतो ना?"

आणि त्यांनी डोळे मिटले. पियानो वाजत राहिला. एखाद्या माणसाचे जवळपास असणे पुरेसे झाल्यावर जसा चेहरा सैल पडतो, तसा त्यांचा चेहरा सैल पडला होता. बाईंनी अकरा वर्षे या माणसाच्या समोर बसून त्याचा चेहरा पाहिला होता. हा त्यातला नव्हता.

भीती वाटायला हवी होती. तिला जागा उरली नव्हती. आपण येईपर्यंत राख, असे आपणच म्हटले होते. आता आपण आलो आहोत. त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे दार उघडले.

दत्तप्रसादबाबांनी डोळे उघडले. खुर्ची रिकामी होती. पियानो चालू होता. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, मग दारातल्या काळ्या चष्म्याकडे. एक क्षण, फार तर अर्धा, त्यांच्या तोंडावरून काहीतरी उतरले. मग ते सभ्यपणे उभे राहिले.

"या, कमलाक्षीबाई. बरे झाले आलात."

बाई बसल्या. गादी उबदार होती. त्या उबेवर बसताना त्यांना शिसारी आली नाही, राग आला. अर्धवट राहिलेली सूचना त्यांनी उचलली आणि पहिल्या शब्दापासून, शुद्ध, वाचली.

७

त्याला आता तीन महिने झाले. संध्याकाळी पाच वाजता जो आवाज येतो तो कमलाक्षीबाईंचाच, त्यांनी सकाळी वाचलेला. त्या घरी बसून शब्द न् शब्द पडताळतात. कौतुकाचे फोन थांबले. पहिल्या आठवड्यात भिकाजींनी, बाईंना ताप वगैरे आहे का, अशी चौकशी केली. सेजल नंतर आली नाही. दत्तप्रसादबाब पूर्वीइतकेच नम्र आहेत आणि मुद्रण संपल्यावर पूर्वीचेच वाक्य म्हणतात. त्या वाक्याला आता नार्व्यापर्यंत पुरणे जमत नाही. ते बाजारातल्या वळणावरच संपते.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदूही पिकला आहे. डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली आणि तीनदा बाईंनी ती रद्द केली. आणखी थांबलात तर हा डोळा हातचा जाईल, असे त्यांनी शेवटच्या वेळी जरा रागावूनच सांगितले. पंधरा दिवस घरी बसायला बाई तयार नाहीत. एक दिवसही तयार नाहीत. मध्यंतरी अंगात ताप असताना त्या आल्या आणि वाचून गेल्या. योगेश त्यांच्यासाठी सूचना जाड अक्षरांत छापून देतो.

खरे पाहता डाव्या डोळ्याची त्यांना तितकीशी गरजही नाही. उजव्याने लख्ख दिसते, आणि तोच नको तितके दाखवतो. दत्तप्रसादबाब गोल, मोठ्या भिंगांचा चष्मा वापरतात. बाई वाचता वाचता वर पाहतात तेव्हा त्या भिंगांत बाईंच्या पाठीमागची काचेची खिडकी उजळलेली दिसते, नखाएवढी. तिच्यात योगेशचे वाकलेले डोके असते. त्याच्यामागे, भिंतीला लागून, कोणीतरी उभे असते. काठ हिरवे आहेत की नाहीत हे इतक्या लहान चित्रात सांगता येत नाही. ते हलत नाही. ते काचेतून या खुर्चीकडे पाहत असते, आणि ते कसे पाहत असेल हे बाईंना नेमके ठाऊक आहे.

बाई मागे वळत नाहीत. आज सॅक्सोफोन मागे सरला, दत्तप्रसादबाबांनी वाचनाची खूण करण्यासाठी हात उचलला आणि बाईंच्या खांद्यावरून, काचेकडे पाहून, मान किंचित कलती केली. चेहरा सैल झाला.

त्यांची खूण पुरी होण्यापूर्वीच बाईंनी वाचायला सुरुवात केली.